प्रदर्शन फिरतं म्हणजे नेमकं काय फिरतं?

दशावताराची कंपनी गावात पोहोचते तेव्हा दिवेलागण झालेली असते. टेम्पोतून पेटारे उतरतात, देवळाच्या कोपऱ्यात आडोसा करून नट रंगायला बसतात आणि सभामंडपात एक बाकडं आणून ठेवलं जातं. झालं नेपथ्य. तेच बाकडं आधी इंद्राचं आसन, मग अरण्यातला कातळ, मग राणीचा पलंग. संहिता छापलेली नसते. कुठलं आख्यान लावायचं तेवढं ठरतं. बोलणी नट उभ्या-उभ्या रचतात, आणि समोर बसलेल्या गावातलं एखादं ताजं प्रकरण त्यात अलगद येऊन जातं. पहाटे दहीकाला झाला की पेटारे परत टेम्पोत. उद्या दुसरं गाव, दुसरी जत्रा.

समकालीन कलेची फिरती प्रदर्शनं, तीही गोदामात, धक्क्यावर, बंद शाळेत भरणारी, हा विषय समजवायला मला याहून सोपी वाट सापडलेली नाही. या विषयातली मुख्य गाठ आपल्या दशावतारी मंडळींनी केव्हाच सोडवून ठेवली आहे. त्या गाठीपर्यंत जायला थोडी वाट चालावी लागेल.

समकालीन कला म्हणजे आज हयात असलेल्या, किंवा अगदी परवापर्यंत काम करत असलेल्या कलाकारांची कला, ही झाली ढोबळ व्याख्या. पण लोकांची अडचण व्याख्येची नसतेच. समोर चित्र असतं तर ठीक होतं. समोर जाळ्यांचा ढीग, लटकवलेले दिवे आणि कुठून तरी येणारा आवाज असतो. याला मराठीत मांडणशिल्प म्हणतात. शब्द परका वाटला तरी वस्तू परकी नाही. तळकोकणात गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. नारळ, सुपारीचे घोस, आंब्याचे टहाळे, कवंडळं, तेरडा. यातली एकेक वस्तू सुटी घेतली तर ती रानातली किंवा परसातली वस्तू. चौकटीला बांधून देवाच्या वर टांगली की तिचा अर्थ बदलतो, आणि गणपती गेले की माटवी उतरते. ती विकत घेऊन फेब्रुवारीत दिवाणखान्यात टांगली तर घरातली म्हातारी माणसं काय म्हणतील ते सांगायला नको. वस्तू, जागा आणि वेळ, तिन्ही मिळून ती माटवी होते. मांडणशिल्पाचा हिशेब हाच.

आता जागेबद्दल. चित्रप्रदर्शन म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती पांढऱ्या भिंतींची, सारख्या उजेडाची, खिडक्या झाकलेली खोली, जिथे आपण आपोआप हळू बोलू लागतो. ही खोली काही अनादी नाही. तिचा साचा विसाव्या शतकात पक्का झाला. तिच्यामागची समजूत अशी की भिंत कोरी असली की चित्र स्वतःच्या बळावर बोलेल. पण १९१७ साली मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलाकाराने दुकानातून आणलेलं पुरुषांचं मूत्रपात्र न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनाला पाठवलं आणि एक खोडी करून ठेवली: ही वस्तू नळजोडणीवाल्याकडे असली तर सामान, आणि प्रदर्शनात असली तर कला? मग कला वस्तूत आहे की खोलीत? (आयोजकांनी ती वस्तू मांडलीच नाही. वाद मात्र शंभर वर्षं पुरला.) पुढे १९७६ मध्ये ब्रायन ओ'डोहर्टी या कलाकार-समीक्षकाने लेख लिहून हाच मुद्दा सरळ मांडला की ती पांढरी खोली तटस्थ नाही, ती आत येणाऱ्याला सांगते की बाहेरचं जग, ऊन, वास, पोटापाण्याची घाई दाराबाहेर ठेवून या.

खोली इतकं काही करत असेल तर खोलीच बदलून पाहावी, हे ओघाने आलंच. किंबहुना ओ'डोहर्टीच्या आधीच लोकांनी ते केलं होतं, पण गरजेपोटी. जर्मनीत कासेल शहरातलं जुनं संग्रहालय महायुद्धातल्या बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झालं होतं. आर्नोल्ड बोडे नावाच्या चित्रकार-शिक्षकाने १९५५ मध्ये त्या अर्धवट दुरुस्त इमारतीत, उघड्या विटांवर प्लास्टिकचे पडदे सोडून, आधुनिक चित्रं लावली. तेच आजचं डॉक्युमेंटा, दर पाच वर्षांनी भरणारं. व्हेनिसचं द्वैवार्षिक प्रदर्शन १८९५ पासूनचं, पण जहाजांचे दोर वळण्यासाठी बांधलेली तिथल्या आरमारी गोदीतली तीनशे मीटरहून लांब इमारत त्याने वापरायला घेतली ती १९८० मध्ये. लंडनमधलं वीजघर २००० साली टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय झालं. आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेला कोचीत, १८६७ मध्ये स्थापन झालेल्या एका मसाला-काथ्याच्या व्यापारी कंपनीच्या आवारात, ॲस्पिनवॉल हाउसमध्ये, २०१२ च्या डिसेंबरात बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू या दोन कलाकारांच्या पुढाकाराने कोची-मुझिरिस बिएनाले, म्हणजे तिथलं द्वैवार्षिक प्रदर्शन, सुरू झालं. पणजीत मांडवीकाठच्या जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या इमारतीत २०१६ पासून सेरेंडिपिटी कला महोत्सवाची प्रदर्शनं भरू लागली.

या यादीत एक गोष्ट मला नेहमी खटकते. या बहुतेक जागा काम संपल्यावर कलेच्या वाट्याला आल्या. दोर वळायचे थांबले, मिरी यायची थांबली, वीजघर बंद पडलं. मग उंच छत आणि मोठा रिकामा गाळा स्वस्तात मिळाला, आणि पोपडे उडालेली भिंत फोटोत छान दिसली. त्या जागेत ज्यांनी घाम गाळला त्यांचं काय, हा प्रश्न बहुधा माहितीफलकाच्या शेवटच्या ओळीत असतो.

म्हणून ससून डॉकचं उदाहरण वेगळं वाटतं. हा धक्का १८७५ चा, आणि तो चालू आहे. कोकणातल्या कितीतरी घरांचे धागे तिथे जोडलेले आहेत. २०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात स्टार्ट इंडिया फाउंडेशनने तिथल्या जुन्या गोदामात प्रदर्शन भरवलं तेव्हा शेजारी लिलाव, बर्फ, टोपल्या, कोळंबी सोलणं सगळं सुरूच होतं. डॉकवर राबणाऱ्या माणसांची मोठाली छायाचित्रं भिंतींवर लागली. प्रवेश फुकट होता, वासासकट. ज्या मुंबईकरांनी आयुष्यात कधी त्या फाटकातून पाऊल आत टाकलं नव्हतं ते कलेच्या निमित्ताने मासळीबाजारात शिरले. खरं प्रदर्शन कुठलं आणि त्याचं निमित्त कुठलं, हे तिथे नीट वेगळं करता येत नव्हतं, आणि मला वाटतं तेच त्याचं यश.

हे सगळं झालं एका जागी भरणाऱ्या प्रदर्शनांबद्दल. फिरणाऱ्यांचा मामला निराळा.

फिरण्याचे ढोबळमानाने दोन प्रकार. पहिल्यात माणूस आपलं घर पाठीवर घेऊन फिरतो, गोगलगाईसारखं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची २०१५ पासून फिरणारी बस अशी आहे. शाळेच्या मैदानात उभी राहते आणि मुलं रांगेने आत जातात. पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने २०११ ते २०१३ या काळात रंगीबेरंगी तंबू करून आपल्या संग्रहातली मूळ चित्रं फ्रान्समधल्या लहान गावांत फिरवली. ते प्रकरण पैशांअभावी थांबलं. या पद्धतीत आतली हवा, उजेड, कुलूप सगळं आपल्या हातात राहतं. गाव मात्र दाराबाहेर राहतं. बस कुडाळात उभी राहिली काय आणि खेडमध्ये काय, आतला अनुभव तोच.

दुसऱ्या प्रकारात घर सोबत न्यायचं नाही. प्रत्येक मुक्कामी पाहुण्यासारखं कोणाच्या तरी पडवीत पथारी टाकायची. एकोणिसाव्या शतकात रशियातल्या चित्रकारांनी १८७० मध्ये संघ स्थापून राजधानीबाहेरच्या शहरांत चित्रं नेली ती अशीच, मिळेल त्या दालनात. आणि आपल्याकडे तर कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी आहेतच. सुट्या कागदांवरची चित्रं पाठीला पाठ चिकटवून त्यांची पोथी बांधायची, ती घेऊन देवळांतून जायचं आणि एकेक पान उभं धरून गात-सांगत कथा लावायची. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती ही परंपरा जिवंत ठेवल्याबद्दल.

आता गाठ. जागा ही कलाकृतीचाच भाग आहे असं एकीकडे म्हणायचं, आणि दुसरीकडे ती कलाकृती गावोगाव फिरवायची. हे कसं जमावं?

एका टोकाला जे फिरूच शकत नाही ते आहे. राजापूरजवळ कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, जांभ्यात कोरलेला अठराएक मीटरांचा हत्ती आहे, आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यात कशेळीही आहे. तो हत्ती उचलून मुंबईला नेता येणार नाही. साचा नेता येईल, पण पायाखालचा तापलेला सडा आणि अंगावरचा वारा मागेच राहील. अमेरिकन शिल्पकार रिचर्ड सेराने न्यूयॉर्कच्या एका सरकारी चौकात १९८१ मध्ये १२० फूट लांबीची पोलादी वक्र भिंत उभी केली. ती वाट अडवते म्हणून कर्मचाऱ्यांनी तक्रारी केल्या. दुसरीकडे हलवा, असा तोडगा निघाला, तेव्हा सेराचं म्हणणं होतं की ही या चौकासाठीच केली आहे, हलवली तर ती संपली. १९८९ मध्ये ती कापून नेली. दोन्ही बाजूंना पटण्यासारखं काही होतं, हे मान्य करूनही मला त्या कर्मचाऱ्यांची बाजू जरा जास्त कळते. रोज जेवणाच्या सुट्टीत वळसा त्यांना पडत होता.

दुसऱ्या टोकाला अमेरिकन कलाकार सॉल लविट. त्याने १९६८ पासून भिंतींवर रेघांची चित्रं केली, पण त्याच्या दृष्टीने चित्र म्हणजे भिंतीवरच्या रेघा नव्हेत. चित्र म्हणजे सूचना. अमुक अंतरावर, अमुक दिशेने, अशा रेघा मारा. सूचना लिहिलेला कागद जातो, तिथली माणसं रेघा मारतात, मुदत संपली की भिंत रंगवून टाकतात. आजीने सांगितलेली सांदणांची कृती जशी. प्रत्येक घरची सांदणं वेगळी होतात आणि तरी ती आजीचीच असतात.

आणि या दोन टोकांच्या मधोमध, समुद्रातच, ब्रिटिश शिल्पकार अँटनी गॉर्म्लीची शंभर लोखंडी माणसं उभी आहेत. स्वतःच्या शरीराचे साचे घेऊन ओतलेली, प्रत्येकी सुमारे ६५० किलोंची. १९९७ मध्ये ती जर्मनीतल्या कुक्सहाफेनच्या किनाऱ्यावर होती, मग नॉर्वेत, मग बेल्जियममध्ये, आणि २००५ मध्ये लिव्हरपूलजवळच्या क्रॉस्बीला आली. सगळी समुद्राकडे तोंड करून. भरती आली की काही गळ्यापर्यंत बुडतात, काही दिसेनाशी होतात. ओहोटीला पुन्हा वर येतात, अंगावर चिकटलेले कवचवाले जीव घेऊन. माणसं तीच, पण प्रत्येक किनाऱ्याने त्यांना आपला उतार, आपली भरती, आपली शेवाळं दिली. क्रॉस्बीला ती तात्पुरती आली होती. कायम ठेवायला स्थानिक परिषदेने आधी नकार दिला, आणि २००७ मध्ये होकार. प्रवास तिथे संपला.

लोखंड तेच, किनारा वेगळा. म्हणून काम वेगळं. आख्यान तेच, गाव वेगळं. म्हणून नाटक वेगळं. फिरतं ते आख्यान. वस्तू सोबत गेली तर बाकड्यासारखी गेली पाहिजे: कमी, दणकट, आणि त्या रात्री त्या गावात जे लागेल ते व्हायला तयार. चांगला क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनाचा मांडणीकार, प्रत्येक मुक्कामी मांडणी नव्याने लावतो. जो पहिल्या गावाचा नकाशा दुसऱ्या गावी तसाच अंथरतो, तो फिरतं दुकान चालवतोय.

आता हे प्रत्यक्षात आणताना काय-काय आडवं येतं ते बघू. समजा, एक प्रदर्शन रत्नागिरीहून निघून राजापूर, देवगड, मालवण करत वेंगुर्ल्यापर्यंत जाणार आहे. देवगडला जागा ठरली आंबा भरणीचं गोदाम. मोठं, हवेशीर, पत्र्याचं, आणि हंगाम नसताना रिकामं.

पहिला मालक पाऊस. कागद, कॅनव्हास, लाकूड यांच्यासाठी संग्रहालयांचा जुना ठोकताळा असा की हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास आणि तापमान वीस-बावीस अंश असावं. जुलैतला कोकण नव्वदीला टेकलेला असतो. सत्तरीच्या वर गेलं की बुरशीला आमंत्रण. ते कमी म्हणून वाळवी. म्हणजे मोसम आपोआप ठरतो: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. योगायोग असा की दशावताराचा मोसमही साधारण तेव्हाच, दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की. हा योगायोग नाहीच म्हणा. भात घरात आल्याशिवाय आणि आभाळ उघडल्याशिवाय इथे कोणीच काही फिरवत नव्हतं.

मोसम पाळणं हा झाला एक मार्ग. दुसरा मार्ग, हवेशी भांडणार नाही अशा वस्तू निवडायच्या. जांभा, सुंभ, झावळ्या, जुनी जाळी, माती. लोखंड न्यायचं तर ते गंजणार हे धरूनच न्यायचं. मौल्यवान मूळ चित्र असेल तर उत्तम छापील प्रत न्यावी आणि ती प्रत आहे असं फलकावर स्पष्ट लिहावं. व्हिडिओ असेल तर अंधार लागतो, आणि पत्र्याच्या गोदामात फटी किती असतात हे दुपारी दोन वाजता कळतं. काळ्या कापडाचा ठाण आणि जनरेटर, दोन्ही खर्चात धरावेत.

वाहतूक म्हणजे आंब्याची पेटीच. पेटी भरताना आंबा आंब्याला घासू नये, हादरा पेंढ्याने खावा, वरची बाजू वर राहावी, ही जी काळजी, तीच कलाकृतीच्या लाकडी खोक्यात, पेंढ्याऐवजी फोम. महामार्गावरचे खड्डे चित्रांना चोरांपेक्षा जास्त मारक. खोकं मुक्कामी पोहोचलं की लगेच उघडत नाहीत. साधारण दिवसभर तसंच ठेवतात, म्हणजे आतली वस्तू तिथल्या हवेला सरावते. प्रत्येक मुक्कामी उघडताना आणि बांधताना फोटो काढून स्थितीची नोंद करतात: कुठे ओरखडा, कुठे डाग, तो आधीचा की आत्ताचा. विमाही भिंतीवरून काढल्यापासून परत भिंतीवर लागेपर्यंतचा असतो, आणि ही नोंद नसेल तर विम्याच्या कागदाला फारसा अर्थ उरत नाही.

परवानग्यांचं जंजाळ वेगळंच. गोदाम खाजगी असेल तर मालकाचा शब्द आणि ग्रामपंचायत. वाळूवर काही उभारायचं तर सीआरझेड, म्हणजे किनारा नियमनाचे नियम आले. तात्पुरतं असलं तरी विचारावं लागतं. जेट्टी वापरायची तर सागरी मंडळ. विजयदुर्ग किंवा सिंधुदुर्गसारख्या केंद्र-संरक्षित किल्ल्याच्या आसपास तर २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरांत नियंत्रण. आणि गावाच्या देवाला विचारणं? ते कुठल्याच अर्जात नसतं, पण देवळाच्या आवाराजवळ काही करायचं आणि मानकऱ्यांना आधी सांगितलं नाही, तर सगळे शिक्के जवळ असूनही प्रदर्शन उभं राहणार नाही.

किनाऱ्यावर रात्री प्रकाशाचा खेळ करावा अशी कल्पना कलाकारांना हमखास सुचते. वेळास-आंजर्ल्याच्या लोकांना विचारा. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वाळूतून वर आली की उजेडाच्या दिशेने चालतात. निसर्गात तो उजेड समुद्राकडचा असतो. तिथे प्रोजेक्टर लावला तर पिल्लं प्रोजेक्टरकडे जातील. हिवाळ्यात अंडी, आणि शेवटच्या थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत पिल्लं, म्हणजे नेमका आपल्या प्रदर्शनाचाच मोसम. असे किनारे सोडून द्यावेत. जागेला मान द्यायचा तर कधी-कधी तिथे न जाणं हाच मान.

एवढं करून दार उघडलं, आणि पहिली प्रेक्षक म्हणून शेजारच्या घरातली आजी आली. जाळ्यांच्या ढिगाकडे बघून म्हणाली, "माका काय कळाक नाय." आता तिच्याशी बोलायला कोण उभं आहे? बहुतेक ठिकाणी कोणीच नसतं. एक फलक असतो, अवघड मराठीत, इंग्रजीतून ओढूनताणून आणलेला. पिंगुळीची चित्रं कधीच एकटी फिरली नाहीत, याची मला इथे आठवण होते. चित्रासोबत सांगणारा असायचाच. तो नसेल तर पोथी बांधलेलीच राहायची. तेव्हा प्रत्येक मुक्कामी गावातलीच दोन-चार कॉलेजची मुलं तयार करणं, सावर्ड्याच्या सह्याद्री कला महाविद्यालयासारख्या ठिकाणची मुलं सोबत घेणं, हा वरखर्च नव्हे. आणि त्या आजीलाही विचारावं, "आजी, ही जाळी कसली, ओळखता?" मग कदाचित कलाकारालाच कळेल की आपण रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं, जाळं समजून दुसरंच काहीतरी टांगलंय.

जपानच्या निगाता भागात एचिगो-त्सुमारी नावाचं त्रैवार्षिक प्रदर्शन २००० पासून भरतं, सुमारे ७६० चौरस किलोमीटरांच्या डोंगराळ भातशेतीच्या मुलखात. तरुण शहरात गेलेले, घरं बंद, शाळा ओस. आपल्या चाकरमान्यांच्या गावांचं वर्णन करतोय असंच वाटतं. फ्राम किटागावा या संचालकाने ठरवलं की कलाकृती एकत्र ठेवायच्याच नाहीत. बंद घरांत, बांधांवर विखरून टाकायच्या, म्हणजे बघणाऱ्याला गावं चालावी लागतील आणि वाटेत कुणाच्या तरी अंगणात चहा घ्यावा लागेल. एका बंद प्राथमिक शाळेत क्रिस्तियाँ बोल्टान्स्की आणि जाँ कालमान या कलाकारांनी अंधारात बल्ब आणि पंखे लावून गेलेल्या मुलांची चाहूल उभी केली. याच संचालकाचं सेतोउची बेटांवरचं प्रदर्शन २०१० मध्ये सुरू झालं आणि पहिल्याच वेळी नऊ लाखांवर भेटी नोंदल्या गेल्या. त्याने गावं पुन्हा भरली का? नाही. कलेकडून ती अपेक्षा करणाऱ्यांनी आधी दवाखाना आणि एसटीची वेळ बघावी. पण बंद घराचं कुलूप काही महिने उघडलं, भिंतीला पोतेरं फिरलं, आणि म्हाताऱ्यांना सांगायला पाहुणे मिळाले.

त्याच सेतोउचीतल्या नाओशिमा बेटावर, समुद्रात पुढे आलेल्या धक्क्याच्या टोकाला, यायोई कुसामा या जपानी शिल्पकर्तीने घडवलेला पिवळा भोपळा १९९४ पासून बसलेला होता. वादळ येणार असलं की तो आधीच उचलून ठेवत. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तो वेळेवर उचलला गेला नाही आणि लाटांनी नेला. २०२२ मध्ये नवा, जास्त मजबूत केलेला भोपळा त्याच टोकावर आणून बसवला. फयान, निसर्ग आणि तौक्ते ही वादळं बघितलेल्या आपल्या किनाऱ्यावर त्या टोकाला काय ठेवायचं, आणि ते कोण, किती वाजता उचलणार, हे आधी कागदावर लिहून ठेवावं.

उतरवण्याचंही तसंच. क्रिस्टो आणि जाँ-क्लोद या कलाकार जोडप्याने १९६९ मध्ये सिडनीजवळचा सुमारे अडीच किलोमीटर खडकाळ किनारा दहा लाख चौरस फूट कापडाने गुंडाळला होता. दहा आठवड्यांनी कापड आणि दोर काढून किनारा जसा होता तसा परत केला. आमच्या त्या मनातल्या देवगडच्या गोदामात तर दहा आठवडेसुद्धा मिळणार नाहीत. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मालकाचा फोन येतो: पुठ्ठ्याची खोकी येऊन पडली आहेत, पेंढ्याचा टेम्पो उद्या सकाळी दारात, आणि पहिली पेटी वाशीला जायची आहे. तुमची ती जाळी कधी काढताय?